पूजेला मांडलेली मोटार

देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार एकदा विजेची स्कूटर ढकलत ढकलत माझ्या अंबडच्या शेडमध्ये आले. दोन हजार सालानंतरची गोष्ट, या स्कूटरी तेव्हा नव्यानेच दिसायला लागल्या होत्या. सुभेदार घामाने निथळत होते, पण मिशांचा ताठा तसाच. म्हणाले, "ताई, बॅटरी नवी टाकली. वायरी तपासल्या. गाडी चालते, पण तिचं चालण्यात मन नाही."

मी विचारलं, "कुठे नेली होती?"

"कुठे नाही. मंडळींना घेऊन भगूरच्या पुढे, टेकडीवरच्या देवीला."

"चढावर?"

"चढावरच. देवी खाली कशाला बसेल?"

"आणि मंडळी..." मी हातानेच अंदाज विचारला.

"खात्यापित्या घरच्या आहेत," सुभेदार गंभीरपणे म्हणाले.

मला हसू आवरेना, पण त्यांचा प्रश्न खरा होता. त्या गाडीच्या चाकात जी मोटार असते, तिच्या आत कायमची चुंबकं चिकटवलेली असतात. भर उन्हात, दोन माणसं घेऊन चढ चढताना मोटार इतकी तापली, की आतल्या चुंबकांनी निम्मं अंग टाकलं. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चुंबकालाही म्हातारपण येतं म्हणा की!"

"नुसत्या वयाने त्याला फारसं काही होत नाही, साहेब. त्याला कुणीतरी दुखवावं लागतं."

हे मी अगदी जाणत्या माणसाच्या थाटात सांगितलं. सुभेदारांना वाटलं असेल, बाईने मोठमोठी पुस्तकं वाचलीत. कसली पुस्तकं! हे ज्ञान मला मिळालं तेव्हा एका माणसाची नोकरी गेली होती आणि बापासमोर त्याचं तोंड काळं झालं होतं. दोन्ही माझ्यामुळे. आता धंदा पुतण्याच्या हवाली केला आहे, बोलायला हरकत नाही.

मी मूळची मखमलाबादची, माळ्याची लेक. घरी झेंडू, वांगी, मेथी. वडिलांच्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळायची आणि ती भरून आणायला मी त्यांच्याबरोबर जायची. भरणं म्हणजे जळलेलं तांबं काढून नवीन तारेची वेटोळी आत बसवणं. तो भरणारा माणूस बोटांनी तार अशी निगुतीने बसवायचा, की मी गजरा ओवायचं विसरून त्याच्याकडेच बघत बसायची. पुढे आयटीआयला मी तोच ट्रेड घेतला. वर्गात मी एकटीच मुलगी. लग्न झालं, आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. लोक चेष्टा करायचे, नवरा वीज बनवतो आणि बायको त्या विजेने जळलेल्या मोटारी भरते, घरबसल्या चांगली साखळी आहे तुमची! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंबडला पत्र्याची शेड घेतली. दोन-तीन वर्षांत 'मोटारवाल्या ताई' म्हणून नाव झालं, आणि खरं सांगायचं तर ते नाव माझ्या डोक्यातही गेलं.

त्या दिवसांतल्या दुपारी अजून डोळ्यांसमोर तरंगतात. वार्निशचा गोडसर वास, पत्र्याच्या भोकांमधून जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे, लांब कुठेतरी पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा ठोका. जेवण झाल्यावर मी एखादी बंद मोटार मांडीशी घ्यायची आणि तिचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, बोटांनी हळूहळू फिरवत बसायची. पंपाची मोटार असली तर शाफ्ट गुळगुळीत फिरतो, कारण तिच्यात चुंबक नसतंच. वीज आली की तिच्यात चुंबकपण येतं, वीज गेली की जातं. पण कायमचं चुंबक असलेली मोटार हातात आली की शाफ्ट थोडा फिरतो, अडतो, पुन्हा सुटतो, पुन्हा अडतो. वीज नाही, वायर नाही, तरी आत कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडायचं. कधीकधी त्या अडण्याच्या तालावर माझाच डोळा लागायचा.

अशी मोठी मोटार माझ्याकडे पहिल्यांदा आली ती सुधाकरशेठच्या वर्कशॉपमधून. सुधाकरशेठने बाहेरदेशी वापरून झालेलं एक कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन आणलं होतं. त्यात कातायचं हत्यार पुढे-मागे सरकवायला एक जाडजूड मोटार होती. ते मशीन चालवायचा हिरामण. हरसूलकडचा, चोविशीचा, बोलणं कमी, काम स्वच्छ. त्याच्या घराण्यात मशीनला हात लावलेला तो पहिलाच माणूस. दसरा तोंडावर आला होता आणि तो स्वतः ती मोटार हातगाडीवर घालून घेऊन आला.

"ताई, आतला कार्बन बदला, हवा मारा, बास. बाकी मोटार लय भारी हाय."

काम तेवढंच होतं. अशा मोटारीला बाजूने छोट्या खिडक्या असतात, तिथूनच फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन काढून नवे घालता येतात. अर्ध्या तासाचं काम. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्या शेडचा एक रिवाज होता. खंडेनवमीला हत्यारं तर सगळेच पुजतात, मी मात्र दुरुस्तीला आलेल्या मोटारीही पुजायची. आणि नुसत्या बाहेरून पुसून नाही. माझं म्हणणं असायचं, आत काजळी आणि वरून कुंकू, असली पूजा देवीला चालत नाही. म्हणून सगळ्या मोटारी खोलायच्या, आतून-बाहेरून पुसायच्या, फिरणारा भाग एका बाजूला आणि अंग एका बाजूला असं पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि माहेरच्या मळ्यातला झेंडू. कारागिरांच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

हिरामणची मोटारही मी खोलली. आतला फिरणारा भाग, ज्याला आम्ही आर्मेचर म्हणतो, तो बाहेर यायलाच तयार नव्हता. चुंबक त्याला सोडेचना. मी आणि माझा कारागीर, दोघांनी पाय रोवून ओढलं तेव्हा कुठे निघालं. रात्रभर दोन्ही भाग देवीपुढे होते. सकाळी उजेड तिरपा आत आला आणि त्या मोटारीचं रिकामं अंग आतून चकचकत होतं. मी किती वेळ तिच्यात बघत उभी राहिले कोण जाणे. इतकी सुंदर मोटार मी पाहिली नव्हती.

परत जोडताना आर्मेचर अलगद आत गेलं. मला वाटलं, पुसलं म्हणून. ट्रकच्या बॅटरीवर फिरवून बघितली, तर पहिल्यापेक्षा जोरात फिरली! मी टाळी वाजवली. कारागिराला म्हटलं, "बघ, देवीचा हात फिरला."

पंधरा दिवसांत सुधाकरशेठ शेडमध्ये हजर. "ताई, मशीन सारखं बंद पडतंय. हलकं काम असलं तर चालतं. जाड काप घेतला की मोटार तापते, लाल दिवा लागतो, हत्यार कातायच्या लोखंडात अडकून मोडतं. तीन हत्यारं गेली. खरं सांगा, मोटारीत काही राहिलंय का?"

त्यांच्या मागे हिरामण उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, मोटारीत जीव नाय राहिला. शाफ्ट फिरवला तर पहिल्यासारखा अडत नाय. हाताला कळतंय माझ्या."

अहो, काय माझ्या अंगाचा तिळपापड झाला! दारात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी, आणि त्यांच्यासमोर हे काल आलेलं पोरगं मला हाताला कळतंय म्हणून सांगणार? मी म्हटलं, "माझ्याकडून गेली तेव्हा पहिल्यापेक्षा जोरात फिरत होती, विचारा माझ्या कारागिराला. सुधाकरशेठ, नाचता येईना अंगण वाकडं. मोटारीला दोष देण्याआधी चालवणाऱ्याला विचारा, किती जाड काप घेतोय ते."

हिरामण माझ्याकडे बघत राहिला, मग खाली बघायला लागला. दिवाळी झाल्यावर कळलं, सुधाकरशेठने त्याला काढला आणि दुसरी मोटार बसवली. मशीन पहिल्यासारखं चालायला लागलं. नवी मोटार आणि नवा माणूस एकाच वेळी आले, मग श्रेय नव्या माणसालाच मिळणार. मीही तेच धरून चालले. मनात कुठे टोचलंच नाही म्हणाल, तर टोचलं. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सातपूरच्या एका कारखान्यात तसलीच मोटार बघायला मला बोलावलं. तिथले फोरमन पिंगळेकाका, पासष्टीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, निवृत्त होऊनही रोज कामावर येणारे. मी पाने काढले, बोल्टाला हात घातला, तसे म्हणाले, "थांब. कडं आणलंस का?"

"कसलं कडं?"

काकांनी चष्मा काढला. "आर्मेचर बाहेर सरकताना मागून आत घालायचं लोखंडी कडं. नाही आणलंस? मग आजवर कशी खोललीस अशी मोटार?"

"तशीच," मी म्हटलं.

"तशीच?" ते खाली स्टुलावर बसलेच. "अगं पोरी, मारलीस की तिला!"

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हाला सांगते. चुंबकाच्या आत बारीक बारीक भाग असतात. ते सगळे एकाच दिशेला तोंड करून राहिले, तरच त्यांची ताकद एकवटते. फार तापवलं, हातोडा घातला, भलताच मोठा उलटा करंट दिला, की ती तोंडं भलतीकडे फिरतात. हे मी ऐकून होते. पण जुन्या मोटारीत एक वेगळ्या जातीचं चुंबक वापरत, आणि त्याची एक खोड असे. त्याला समोर लोखंड लागतं. चुंबकाची ओढ लोखंडातून वाट काढून गोल फिरते आणि परत त्याच्यापाशी येते. आर्मेचर काढलं की ती वाट तुटते. मधे नुसती हवा. तिथे ते चुंबक स्वतःच्याच ओढीने कमजोर होतं, आणि आर्मेचर परत घातलं तरी गेलेली ताकद येत नाही. मोटार कंपनीत नेऊन पुन्हा चुंबक भरून घ्यावं लागतं. म्हणून आर्मेचर काढताना त्याच्या पाठोपाठ लोखंडी कडं आत सरकवायचं, म्हणजे चुंबक क्षणभरही एकटं पडत नाही.

मी विचारलं, "पण काका, खोलून जोडल्यावर मोटार जोरात फिरली तर?"

"फिरणारच. अशक्त मोटार रिकामी असताना जास्त पळते. अंगावर ओझं आलं की बसते. करंट खाते, तापते, बंद पडते." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "का गं? कुणाची मारलीस?"

मी काढलेले पाने पिशवीत परत भरायला लागले. करायला गेले गणपती आणि झालं माकड! अर्ध्या तासाचं काम होतं, पूजेच्या हौसेपायी मी ती खोलली. आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली.

तरी माझा ताठा इतका चिवट, की मी काकांच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. भंगार बाजारातून तसलीच एक छोटी मोटार आणली. अशी मोटार हाताने किंवा ड्रिलने फिरवली तर ती उलटी वीज देते. तिच्या वायरींना मी स्कूटरचा दिवा जोडला, ड्रिलने शाफ्ट फिरवला. दिवा पांढराशुभ्र लागला. मग मोटार खोलली, आर्मेचर बाहेर काढलं, लगेच परत बसवलं. तेच ड्रिल, तोच दिवा. या वेळी दिव्याची तार नुसती लालसर झाली. मी पुन्हा फिरवला, पुन्हा लालसर. शेडमध्ये मी एकटीच होते. त्या लाल तारेकडे बघता बघता मला रडू आलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मला एकच स्वप्न पडायचं. आमच्या मळ्यात झेंडू फुललाय, सगळी फुलं एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत, वारा नाही, आवाज नाही. मी बांधावरून चालत जाते. जिथून जाते तिथलं एकेक फूल हळूच मान वळवतं. मी म्हणते, अगं मी काही तोडणार नाही, नुसती बघायला आलेय. पण फुलं वळतच राहतात. जाग आली की कितीतरी वेळ अंधारात मला आपण मखमलाबादला आहोत की अंबडला हेच कळायचं नाही. ह्यांनी एकदा विचारलं, झोपेत कुणाची माफी मागत होतीस?

त्याच दिवशी मी सुधाकरशेठकडे गेले. त्यांच्या केबिनमध्ये नाही गेले, सगळी पोरं काम करत होती तिथे मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, मोटार मी मारली होती, हिरामणची काही चूक नव्हती. मशीनं चालूच होती, पण पोरांचे हात थांबले. सुधाकरशेठ कसनुसे हसले. "जाऊ द्या हो ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. आता नवा माणूसही रुळलाय."

"आणि हिरामण?"

"तो कुठला आता इकडे येतोय! त्याचा बाप आला होता तेव्हा, माझे पाय धरायला. मी सांगितलं त्याला, बाबा, तुमच्या पोराने मशीन मोडलं, मी तरी काय करू?"

मी घरीसुद्धा गेले नाही. सीबीएसचा एसटी स्टँड गाठला. हरसूलला आज बाजार आहे आणि हिरामण तिथे आंबे घेऊन बसतो, हे वर्कशॉपमधल्याच एका पोराने सांगितलं होतं. एसटीत खिडकीपाशी बसले. त्र्यंबकच्या पुढे डोंगर सुरू झाले, करवंदीच्या जाळ्या, रिकामी भातखाचरं, उन्हात धूसर झालेली एकामागे एक टेकडी. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते आणि दर वळणावर ते विसरत होते.

हिरामण बाजारातच होता. पोत्यावर आंबे मांडून बसला होता. चार हातांवर दुसऱ्या पोत्यामागे त्याचा बाप, डोक्याला पांढरं फडकं, गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली होती. हिरामणने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. मी जुळवलेलं सगळं गेलं. म्हटलं, "हिरामण, मोटार मी मारली रे. मी ती खोलायला नको होती. तू म्हणालास ते खरं होतं."

त्याने हात पॅंटला पुसले.

"मी सुधाकरशेठला सांगून आले, सगळ्यांसमोर. ते काही तुला परत घेत नाहीत. माझ्याकडे ये कामाला. तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार?"

"कामाचं बघू पुढं," तो म्हणाला. "आधी माझ्या बाला सांगा."

मी बापापाशी गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्याने मला थांबवलं. मग वर बघून विचारलं, "किती देऊ, बाई?"

मी खाली मातीतच बसले. म्हटलं, "बाबा, मी आंबे घ्यायला नाही आले. मी नाशिकची, मोटारी दुरुस्त करते. तुमच्या हिरामणने मशीन मोडलं नव्हतं. त्याच्या मशीनची मोटार माझ्या हातून बिघडली. मला कळलं नाही, आणि मी नाव त्याचं घेतलं. नोकरी गेली ती माझ्यामुळे."

आजूबाजूचे दोघंतिघं ऐकायला सरकले. बापाने विचारलं, "म्हंजे यानं काय मोडलं नाय?"

"काही नाही मोडलं."

"शेठ म्हनला व्हता, यानंच मोडलं."

"शेठला मी तसं सांगितलं होतं."

म्हातारा एक आंबा हातात घेऊन त्याचा देठ अंगठ्याने चोळत राहिला. मग म्हणाला, "मी त्याला मारलं त्या दिशी. घरात त्याची आय, भाऊ, समदी व्हती. एवढा वाढलेला पोरगा. लहानपनी कधी बोट लावलं नव्हतं."

मागे हिरामण उभा होता. म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"तू सांगत व्हतास," तो म्हणाला.

"हां, बा."

एवढंच बोलले दोघं. मी मान खाली घालून मातीकडे बघत बसले. सांगितलं तर त्याने मलाही होतं, आणि सगळ्यांच्या आधी मलाच.